झेंडूच्या शेतातली सिमरन

भाचीचं लग्न ठरलं. म्हणजे आधी प्री-वेडिंगचं शूट ठरलं आणि मग मुहूर्त निघाला. भटजी काय, विचारलं की मिळतात. चांगल्या फोटोग्राफरच्या तारखा वर्षभर आधी धराव्या लागतात. भाचीची अट एकच होती. मोहरीचं शेत पाहिजे. नजर जाईल तिथपर्यंत पिवळंधमक, मधोमध पांढऱ्या ड्रेसमध्ये ती आणि समोर मॅन्डोलिनवाला तो, हात पसरून. ही मुलगी सीए आहे. लोकांचे हिशेब तपासते आणि दहा रुपयांची तफावत निघाली तर रात्री झोपत नाही. तिला पंजाब हवा होता.

पुणे जिल्ह्यात मोहरी मुख्यतः फोडणीत आढळते. फोटोग्राफरनं तोडगा काढला. सासवडच्या बाजूला झेंडूची शेतं आहेत, दसऱ्याला पंधरा दिवस आहेत, फूल भरात आहे. ‘‘मामा, कॅमेऱ्यात पिवळं ते पिवळं,’’ तो मला म्हणाला. मी त्याचा मामा नाही, पण गाडी माझी होती आणि बॅगा मीच धरणार होतो, त्यामुळे नातं आपोआप जुळलं. मॅन्डोलिन कुठं मिळालं नाही. होणाऱ्या जावयाच्या मित्राकडं युकुलेले होतं, ते आणलं. मोठ्या माणसाच्या हातात युकुलेले दिलं की तो भातुकलीतला वादक दिसतो. दिसला.

शेतमालक बांधावर उभा होता. दोन्ही हात कमरेवर, नजर झाडांवर. ‘‘फुलं तुडवायची न्हाईत. दसऱ्याला तोड हाय,’’ ही त्याची पहिली अट. मग भाचीच्या पांढऱ्या ड्रेसकडं बघून तो म्हणाला, ‘‘राज-सिमरन ना? ह्या आठवड्यातली तिसरी जोडी.’’ तासाचा दर ठरला. मिठी मारताना पडलात तर मोडलेल्या झाडांचे वेगळे. आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याला अनुभव होता, हे पाच मिनिटांत कळलं: जावई हात पसरून पळत निघाले, ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि युकुलेलेसकट सरीत आडवे झाले. चार झाडं गेली. मालकानं बोटांवर मोजली.

आता गंमत पाहा. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या गोष्टीतलं राज-सिमरनचं ते शेत पंजाबातलं असलं, तरी त्याचं चित्रीकरण दिल्लीशेजारी गुडगावात झालं होतं. म्हणजे पंजाबची भूमिका हरियाणानं केली आणि हरियाणाची भूमिका सासवडनं. मोहरीच्या जागी झेंडू, मॅन्डोलिनच्या जागी युकुलेले आणि शाहरुखच्या जागी आमचे जावई. यात अस्सल असं काहीच उरलं नव्हतं.

मी मनातल्या मनात तिरकस वाक्यं जुळवत होतो, सदराची सोय होत होती. पण मालकाचा हिशेब आटोपल्यावर भाची पुन्हा सरीत जाऊन उभी राहिली, वळली, आणि दहा-बारा सेकंद तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की माझी वाक्यं घशात अडकली. ती नक्कल करत होती आणि मनापासून करत होती. दोन्ही एकाच वेळी. आपण दुसऱ्याचं प्रेम अंगावर घालून उभे आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिला बरोब्बर बसत होतं.

हे ज्या सिनेमांना कळतं ते सिनेमे मला आवडतात.

आपल्या प्रेमपटांतल्या माणसांना एक चमत्कारिक आजार असतो. त्यांनी कधीच सिनेमा पाहिलेला नसतो. नायक नायिकेला धडकतो, वह्या-पुस्तकं खाली पडतात, दोघं एकदम वाकतात, आणि दोघांपैकी एकालाही ‘अरेच्चा, हे कुठंतरी पाहिलंय’ असं वाटत नाही. विमानतळाकडं धावणाऱ्या नायकाला कुणी सांगत नाही की बाबा, तुझ्याआधी शंभर जण धावलेत, फोन कर. इकडं आपण सगळे पाहून बसलेले. आपण प्रेमात पडलो तेव्हा काय बोलायचं, केस कसे मागं सारायचे, रुसलेल्या माणसाला स्टेशनवर गाठायचं की जिन्यात, हे सगळं आपल्याला अंधाऱ्या थिएटरनंच शिकवलं. आईबापांनी शिकवलं नाही, शाळेत तर प्रश्नच नव्हता. मग पडद्यावरचे प्रेमिकच तेवढे अडाणी कसे?

सिनेमा पाहिलेल्या प्रेमिकांची गोष्ट नोरा एफ्रननं सांगितली, १९९३ साली, ‘स्लीपलेस इन सिअ‍ॅटल’मध्ये. बाईंचं घरच पटकथेचं. आई फीबी आणि वडील हेन्री, दोघंही हॉलिवूडचे पटकथालेखक. अशा घरातल्या मुलीला प्रेम आणि संवाद हे दोन वेगळे विषय आहेत असं कुणी सांगितलं नसणार. तिच्या सिनेमातली अ‍ॅनी (मेग रायन) राहते बाल्टिमोरला. बायको गेलेला सॅम (टॉम हँक्स) राहतो पार दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलला. त्याचा लहान मुलगा नाताळच्या आदल्या रात्री रेडिओवरच्या कार्यक्रमाला फोन लावून बापाचं दुःख देशभर ऐकवतो आणि अ‍ॅनी गाडी चालवता चालवता आवाजाच्या प्रेमात पडते. तिचं लग्न एका सज्जनाशी ठरलेलं आहे, ज्याला जगातल्या बहुतेक गोष्टींची अ‍ॅलर्जी आहे.

आणि ही अ‍ॅनी संध्याकाळी मैत्रिणीबरोबर टीव्हीसमोर बसून काय करते? ‘अ‍ॅन अफेअर टु रिमेम्बर’ पाहते आणि रडते. १९५७ चा सिनेमा, केरी ग्रँट आणि डेबोरा कर. बोटीवर जुळलेलं प्रेम. सहा महिन्यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर भेटायचा वायदा. तो वर वाट पाहत राहतो. ती खाली रस्त्यात त्या इमारतीकडं वर बघत येते आणि गाडीखाली सापडते. त्याला वाटतं, आलीच नाही. दोघी मैत्रिणींना संवाद पाठ आहेत. पडद्यावरच्या बाईच्या आधी यांचे ओठ हलतात. मैत्रीण तिला बजावते ते थोडक्यात असं की, बाई गं, तुला प्रेमात पडायचं नाहीये, तुला सिनेमातल्या प्रेमात पडायचंय. हे ऐकून अ‍ॅनी शहाणी होईल असं वाटत असेल तर तुम्ही भाचीला सासवडला जाण्यापासून थांबवू शकला असता.

या सिनेमातला माझा लाडका प्रसंग मात्र सॅमच्या घरातला. त्याची एक नातलग, सूझी, जेवणाच्या टेबलावर ‘अफेअर’ची गोष्ट सांगायला लागते. सांगता सांगता गळा भरून येतो, पुढं शब्द फुटत नाहीत, नाक पुसत पुसत ती शेवटापर्यंत पोचते. समोरचे दोन पुरुष आधी चकित, मग खट्याळ. ते दोघं ‘द डर्टी डझन’ नावाचा युद्धपट आठवतात आणि त्यातला कोण कसा मेला, कुणी हातबाँब टाकला, हे सांगत तस्संच हुंदके देऊन रडतात. तीन मिनिटांचाही प्रसंग नसेल. पण सिनेमा माणसाच्या आत कुठं जाऊन बसतो आणि त्याची लाज वाटली की माणूस कसा टिंगलीत घुसतो, हे इतक्या कमी वेळात दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. सूझीचं काम केलंय रिटा विल्सननं. खऱ्या आयुष्यात ती टॉम हँक्सची बायको. म्हणजे जगभरच्या दिवाणखान्यांत चालतं तेच: बायको रडतेय, नवरा थट्टा करतोय.

आमच्याकडं उलट आहे. मी रडतो, ती उशी देते.

एफ्रनबाईंनी जुन्या सिनेमाला फुलं वाहून हात जोडले असते, तर ‘स्लीपलेस’ त्याची वर्षश्राद्धाची पत्रिका झाला असता. त्यांनी जुन्या सिनेमाची दुखरी जागा पकडली. छत्तीस वर्षांपूर्वी एक बाई त्या माथ्यावर पोचली नव्हती. यांनी दुसरी बाई धाडली आणि ती पोचेल अशी व्यवस्था केली. व्हॅलेंटाइनचा दिवस, इमारतीवर लाल बदाम उजळलेला, वर जायची वेळ संपत आलेली, पोरानं विसरलेली पाठपिशवी. हँक्स आणि रायन संपूर्ण सिनेमात एकत्र दिसतात ते जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यासाठी आपण पावणेदोन तास थांबतो, कारण आपण या दोघांची वाट पाहत नसतो. केरी ग्रँटची तेव्हापासून राहिलेली वाट पाहत असतो. ‘स्लीपलेस’ चालल्यावर ‘अफेअर’च्या व्हिडिओ कॅसेटी पुन्हा दुकानांतून धडाधड खपल्या. नातवानं आजोबांना पेन्शन सुरू करून दिली.

त्यातही मजा अशी की आजोबा स्वतः मूळ पुरुष नव्हेतच. ‘अफेअर टु रिमेम्बर’च्या लिओ मॅकेरीनं हीच गोष्ट १९३९ मध्ये ‘लव्ह अफेअर’ नावानं केली होती. दिग्दर्शक तोच, गोष्ट तीच, माणसं नवी. आपल्याच जुन्या मालाला पुन्हा इस्त्री मारून विकणारा हा गृहस्थ मराठी रंगभूमीवर असता तर ‘पुनरुज्जीवित’ अशी पाटी लावून त्यानं चारशे प्रयोग केले असते.

हीच गोष्ट हिंदीत ‘मन’ नावानं १९९९ मध्ये आली. आमिर, मनीषा, बोट, वायदा, अपघात. मूळ सिनेमात नायिका अपंग होते. आमच्याकडं एवढ्यानं भागत नाही, आम्ही पाय कापले. आणि श्रेयनामावलीपासून शेवटच्या फेऱ्यांपर्यंत एकाही पात्राला असं वाटत नाही की ही बोट आधी एकदा जाऊन आलीय. कापलेल्या पायांपेक्षा ते अनभिज्ञ चेहरे मला जास्त खटकतात. उचल करायला माझी हरकत नाही. वाण्याकडं सगळेच उचल करतात. वहीत नाव मांडलेलं असलं की वाणीही हसून देतो.

नाव मांडण्याच्या बाबतीत ‘चोरी चोरी’वाले थोर म्हणायचे. फ्रँक काप्राचा १९३४ चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ उचलला, १९५६ मध्ये राज कपूर-नर्गिसना बसमध्ये बसवलं आणि नावच ‘चोरी चोरी’ ठेवलं. याहून स्वच्छ कबुलीजबाब पोलीस ठाण्यात मिळायचा नाही. १९९१ मध्ये तीच बस ‘दिल है के मानता नहीं’ म्हणून पुन्हा सुटली. तोवर लाज गेली होती आणि गाणी वाढली होती.

एफ्रनबाईंनी १९९८ मध्ये ‘यूव्ह गॉट मेल’ केला तेव्हा नाव मांडायची त्यांची तऱ्हा पाहा. आधार होता एर्न्स्ट लुबिचचा १९४० चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’. बुडापेस्टमधलं चामडी वस्तूंचं दुकान, त्यात एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन नोकर, आणि तेच दोघं नाव न सांगता एकमेकांना पत्रं लिहून प्रेमात पडलेले. एफ्रनबाईंनी पत्रांच्या जागी ईमेल आणली आणि नायिकेला न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांच्या पुस्तकांचं दुकान काढून दिलं. दुकानाचं नाव? ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’. उधारी आतल्या वहीत लिहून गप्प बसण्याऐवजी बाहेर पाटीवर रंगवली. आणि मग ते दुकान मोठ्या साखळीच्या दुकानानं गिळलं, तेव्हा एक जुना सिनेमाच बंद पडल्यासारखं वाटतं. शेवटच्या दिवशी रिकाम्या कपाटांमधून नायिका दिवा मालवून दार ओढते, दारावरची घंटा वाजते. अप्पा बळवंत चौकात ज्यांनी एखादं दुकान असं बंद होताना पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

त्याच सिनेमात नायक पुरुषांच्या वतीनं जाहीर करतो की आयुष्यातल्या यच्चयावत प्रश्नांची उत्तरं ‘गॉडफादर’मध्ये आहेत. बायकांचं वेद वाङ्मय ‘अफेअर’, पुरुषांचं ‘गॉडफादर’. आमच्या पिढीत हे काम ‘शोले’ करायचा. मावशीकडं मित्राचं स्थळ घेऊन जाणारा जय मी आजवर तीन साखरपुड्यांत ऐकलाय, एकदा प्रत्यक्ष वरपित्याच्या तोंडून.

आता पीटर बोग्डॅनोविचकडं वळतो, कारण त्याच्याइतकं निर्लज्ज प्रेम कुणी केलं नाही. हा माणूस मूळचा सिनेमावर लिहिणारा, जुन्या दिग्दर्शकांच्या मुलाखती घेत फिरणारा. १९७२ मध्ये त्यानं ‘व्हॉट्स अप, डॉक?’ काढला तो हॉवर्ड हॉक्सच्या १९३८ च्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’वर जीव टाकून. तिथं हाडं जमवणारा बावळट शास्त्रज्ञ, इथं दगड जमवणारा बावळट संगीतशास्त्रज्ञ. तिथं कॅथरिन हेपबर्नचा बिबट्या, इथं एकसारख्या चार चौकटीच्या बॅगा. मूळ सिनेमा त्याच्या काळात फारसा चालला नव्हता. नातवानं बक्कळ धंदा केला. पण मला सांगायचंय ते शेवटच्या दृश्याबद्दल. नायक रायन ओनील. हाच ओनील दोनच वर्षांपूर्वी ‘लव्ह स्टोरी’त जगाला रडवून बसला होता, आणि प्रेमात माफी मागायची नसते अशा अर्थाचं त्यातलं वाक्य तेव्हा भेटकार्डांपासून टी-शर्टांपर्यंत पोचलं होतं. ‘डॉक’च्या शेवटी विमानात बार्ब्रा स्ट्रायसँड पापण्या फडफडवत तेच वाक्य त्याला ऐकवते. ओनील थंडपणे सांगतो की याहून मूर्ख गोष्ट मी आजवर ऐकलेली नाही.

स्वतःच्या देवळावर स्वतःच दगड मारायला छाती लागते. आणि दगड फुलासारखा लागायला विनोदबुद्धी.

शाहरुखनं हे एकदा केलं. ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (२०१३) धावत्या गाडीच्या दारातून तो पळत येणाऱ्या दीपिकाला हात देतो. आपलं ‘दिलवाले’छाप मन विरघळतं न विरघळतं तोच तिच्या मागून एक गुंड पळत येतो. हात पुढं, संस्कार आडवे येतात, हा त्यालाही ओढून घेतो. मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. सगळे लुंगीतले, सगळे हिच्याच मागावर. पुढचा सिनेमा कसाही असो, हे दृश्य पाहून मी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं समजून घेतलं.

आणि ज्या ‘दिलवाले’च्या उधारीवर निम्मा देश लग्न करतोय, त्याची स्वतःची वही कोरी आहे का? त्याचं नावच १९७४ च्या ‘चोर मचाये शोर’मधल्या गाण्यातून घेतलेलं. सुचवलं किरण खेरनी, आणि त्याबद्दल त्यांचं नाव श्रेयनामावलीत छापलंय. हा झाला व्यवहार! नाव सुचवणाऱ्याचंही नाव. म्हणून मराठा मंदिरात १९९५ पासून तो सिनेमा दुपारच्या आत लागतोय आणि अजून कुणी त्याला ‘उतरा’ म्हणत नाही. त्याच्यानंतर गाण्यांतून नावं उपटायची साथच आली. ‘बचना ऐ हसीनो’, ‘ऐ दिल है मुश्किल’, ‘एक लड़की को देखा तो ऐसा लगा’. शेवटचं तर १९९४ च्या गाण्याचं नाव. निदान ती आठवण मुरू तरी दिली होती. लोणचं आणि आठवण बरणीत काही वर्षं राहू द्यावी लागते.

पण थांबा. उगाच अमेरिकेत आणि यशराजमध्ये फिरलो. या प्रकारातलं सर्वात नाजूक काम आपल्या दोन माणसांनी मुंबई-दिल्लीच्या बसथांब्यांवर आणि बागांत करून ठेवलंय.

पहिलं ‘छोटी सी बात’, १९७६. दिग्दर्शक बासू चटर्जी, नायक अमोल पालेकर, म्हणजे ज्याच्यामुळं आपल्याला पहिल्यांदा वाटलं की बी.ई.एस.टी.च्या रांगेतल्या माणसालाही नायिका मिळू शकते. अरुण रोज बसथांब्यावर प्रभाच्या (विद्या सिन्हा) मागं उभा राहतो. बोलायची हिंमत नाही. एक दिवस हा थिएटरात बसलाय, पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमामालिनी गाताहेत. येसुदास आणि आशाबाईंचा आवाज, सलील चौधरींची चाल. अरुण टक लावून बघतोय, आणि बघता बघता पडद्यावरचा धर्मेंद्र जातो आणि तिथं अमोल पालेकर येतो. हेमामालिनीच्या जागी प्रभा. तोच बागबगीचा, तेच हावभाव. फक्त धर्मेंद्रचे दंड नाहीत. पालेकर त्या हावभावांत जरा अवघडलेलाच ठेवलाय. दुसऱ्याचा सूट भाड्यानं आणलेल्या नवरदेवासारखा, खांद्यात सैल. आपण सिनेमागृहात बसून नेमकं काय करतो याचं यापेक्षा अचूक चित्र मी पाहिलेलं नाही. आणि हे सांगायला बासूदांनी एकही वाक्य खर्च केलं नाही.

या सिनेमाला १९६० च्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या इंग्रजी विनोदपटाचा आधार होता. पण बासूदांनी त्यातली शाळा खंडाळ्याच्या कर्नलकडं नेली, कर्नलच्या भूमिकेत अशोककुमारना बसवलं, आणि त्या कर्नलकडं सल्ला मागायला खुद्द अमिताभ बच्चन येतो असं दाखवलं. पडद्यावरचा महानायकही प्रेमाची शिकवणी लावतो, मग अरुणनं का लाजावं?

दुसरं ‘चश्मेबद्दूर’, १९८१, सई परांजपे. रँग्लर परांजप्यांची नात. पुण्याच्या पाण्यात थट्टेचा क्षार असतो तो दिल्लीच्या गल्लीत नेऊन बाईंनी तीन पोरं एका खोलीत टाकली. भिंतींवर नट्यांची चित्रं, एकच सिगारेट तिघांत फिरतेय, खाली लल्लनमियाँच्या टपरीवर उधारी साठलेली. (बघा, इथं तर उधारी पात्र म्हणूनच हजर आहे आणि तिचं काम सईद जाफरींनी केलंय.) ओमी आणि जोमो एकाच मुलीच्या मागं जाऊन वेगवेगळे तोंडावर आपटतात आणि खोलीवर येऊन विजयाच्या थापा मारतात. या थापा आपल्याला दिसतात कशा? फिल्मी. गाणी, बागा, मुरके. प्रत्यक्षात काय झालं ते आपण आधीच पाहिलेलं आहे. पोरांना खोटं बोलायचंय आणि त्यासाठी त्यांच्याकडं भाषा एकच, हिंदी सिनेमाची. अमिताभ आणि रेखाही त्या सिनेमात एका झलकेपुरते येऊन जातात.

तिसरा, फारुख शेख, खोटं बोलत नाही, म्हणून त्याचं प्रेम साबणाच्या पुडीनं सुरू होतं. दीप्ती नवल दारात येते, चमको पावडर विकायला, आणि मळका कपडा धुऊन दाखवते. नंतर दोघं बागेत आइस्क्रीम खातात. बस्स. फिल्मीपणाला उतारा म्हणून बाईंनी टूटीफ्रूटी दिली. आणि मग खोडी अशी काढली की तुटलेलं जुळवण्यासाठी दोस्तमंडळी आजीला हाताशी धरून फिल्मी अपहरणाचा बेत रचतात, आणि तिथं खरे गुंड उगवतात. सिनेमाची थट्टा करणाऱ्या सिनेमाचा शेवट सिनेमासारखा. आपण हसतो, आणि हसता हसता नायिकेसाठी काळजीतही पडतो. बाईंनी दोन्ही खिसे कापलेले असतात.

यावर २०१३ मध्ये डेव्हिड धवननी नवी आवृत्ती काढली. त्यात सगळं होतं, गोवा होता, रंग होते, आवाज तर भरपूर होता. नेमक्या त्याच शुक्रवारी, ५ एप्रिलला, मूळ ‘चश्मेबद्दूर’ही साफसफाई करून पुन्हा थिएटरांत लावला गेला. नातू आणि आजी एकाच मांडवात. मी आजीकडं गेलो. शेजारच्या रांगेत कॉलेजची पोरं होती, ती चमकोच्या प्रसंगाला जी हसली ते हसणं बत्तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या हसण्याहून वेगळं नव्हतं.

आजच्या ‘ट्रिब्यूट’वाल्यांचं मला पटत नाही ते हेच. जुनं गाणं घ्यायचं, खाली ढोल घालायचा, मध्ये एक इंग्रजी-पंजाबी कडवं ठोकायचं, नायिकेला चकाकतं काहीतरी घालून मागं चाळीस जण उभे करायचे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत मूळ संगीतकाराला नमस्कार. हा नमस्कार म्हणजे लग्नात जेवण झाल्यावर हात पुसता पुसता यजमानांना केलेला असतो. त्या गाण्याचा नव्या गोष्टीतल्या माणसांशी संबंध काय? त्यांनी ते कुठं ऐकलं, कुणाबरोबर, तेव्हा पाऊस होता का? ते माहीत नसेल तर तो फक्त रिंगटोन.

मराठीत आपण वेगळाच पराक्रम केला. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) आला, हे आज सांगितलं तर लोक रागावतात. इथं उधारी अशी फिटली की सावकाराचंच नाव पुसलं गेलं. मूळ सिनेमा पाहिलेला माणूस शोधायला कंदील लागेल. पण पुण्यात खोली शोधणाऱ्या कुठल्याही पोराला धनंजय माने माहीत असतो. तरी एकदा ‘बीवी और मकान’ जरूर पाहा. आपल्या आजोबांचा तरुणपणीचा फोटो पाहिल्यासारखं होतं. नाक ओळखीचं, मिशी अनोळखी.

भाचीचा अल्बम परवा आला. चाळीस पानं, काचेसारखा कागद, वजन चार किलोच्या आत नसेल. झेंडू खरोखर मोहरीसारखा दिसतो, हे मान्य करावं लागेल. मधल्या दोन पानांवर पसरलेला मोठा फोटो, ती धावतेय, तो हात पसरून उभा, पँटीला गुडघ्याशी सरीतली माती. आणि त्यांच्या मागं, बरोब्बर मधोमध, बांधावर शेतमालक. दोन्ही हात कमरेवर, नजर रोखलेली, चेहरा दगडी.

फोटोग्राफर म्हणाला, ‘‘सॉरी मामा, राहून गेलं, काढून टाकतो त्यांना.’’

भाचीनं अल्बम मिटून छातीशी धरला. ‘‘अजिबात नाही. अमरीश पुरी आहेत ते.’’